उचललेली जुनी पिकअप: अकरा महिने, एक हापूसचा सीझन आणि फाळक्याची उंची

गेल्या महिन्यात देवगड तालुक्यातल्या पडेल कँटीनला उजवीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकातून टक-टक-टक आवाज यायला लागला. खाली वाकून बघितलं तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी बूट (ग्रीस आत राखणारं आवरण) गोल फाटलेलं, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडून बसलेलं आणि जांभ्याची लाल माती त्यात कालवलेली. जीव हळहळला. जुनी पिकअप घेऊन, उचलून (सस्पेन्शन वाढवून उंच करून, म्हणजे लिफ्ट करून) अकरा महिने झालेत, तेव्हा आता सगळं लिहूनच काढतो.

गाडी २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस, २.५ लिटर, फोर बाय फोर, ८६ हजार किलोमीटर चाललेली. घेतली ती बागेसाठी. आमची आंब्याची कलमं सड्यावर आहेत. शेवटचा दीड किलोमीटर उघडा कातळ, मध्ये एक व्हाळ (ओढा). फवारणीला ५०० लिटरची टाकी हौद्यात घालून न्यावी लागते आणि मार्चपासून मेपर्यंत रोज साठ-सत्तर क्रेट खाली आणायचे असतात.

घेण्याआधी तीन गाड्या बघितल्या. एक बोलेरो कॅम्पर, दुरुस्तीला कुठल्याही नाक्यावर मिस्त्री मिळेल अशी, पण ती टू-व्हील ड्राइव्ह होती. दुसरी टॉर्शन बारवाली, म्हणजे पुढे स्प्रिंगऐवजी पीळ घेणारा दांडा असलेली. आधीच्या मालकाने बार पिळून पुढची बाजू वर घेतलेली. हा फुकटातला लिफ्ट दिसायला बरा, पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्डा हाताला कळतो. अशी आधीच उचललेली गाडी मी तरी घेणार नाही. तिसरी बंदरावरची. वरून काचेसारखी, पण हौद्याखाली शिरून मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ हातोडीने ठोकलं तर चासीचे पापुद्रे हातात आले. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिथेच गळत होतं. जुनी पिकअप उचलायची असेल तर इंजिनाच्या आधी ही जागा बघा. लिफ्टचा ताण तिथेच येतो.

ही गाडी घाटावरची, कोरड्या हवेत वाढलेली. चासीला नुसती वरवरची धूळ. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. साडेनऊ लाखांत सौदा झाला.

मग दोन इंचांचा किट बसवला. पुढे उंच स्प्रिंग आणि शॉकअप, मागे एक जादा पाटा. टायर २४५/७० आर १६ काढून २६५/७० आर १६ घातले. इथे एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: सस्पेन्शन कितीही उचला, मागच्या डिफरन्शिअलचा गोळा (मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा डबा) जमिनीपासून तेवढाच राहतो. तो फक्त टायरने वर जातो, आणि या टायरने तो गेला १४ मिलिमीटर. व्हाळातल्या मधल्या दगडाला तो अजूनही घासतो. लिफ्टचा फायदा झाला तो बंपर, पायदान आणि चासीचं पोट यांना. शिवाय टायर मोठे झाल्याने मीटर साधारण साडेतीन टक्के कमी दाखवतो. सुरुवातीला ॲव्हरेज पडला म्हणून मी हैराण झालो होतो, हिशेबात तेवढे किलोमीटर धरल्यावर तो लिटरला अर्ध्या किलोमीटरनेच उतरल्याचं दिसलं.

आता खरा विषय, फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार. गाडी घेतली तेव्हा हौद्याची कड जमिनीपासून साडेएकतीस इंच होती. लिफ्ट आणि टायरनंतर चौतीस. अडीच इंच म्हणजे चार बोटं, असं मलाही वाटलं होतं. पण वीस किलोचा क्रेट कमरेवरून ठेवता येतो तो साडेएकतीसवर. चौतीसवर तो छातीशी घेऊन वर ढकलावा लागतो. सत्तर क्रेट, रोज, दोन महिने. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडच्या आजी क्रेट खाली ठेवून म्हणाल्या, "दादानू, गाडी उंच केलास, पण फाळको पण वर गेलो मां." त्या दिवसापासून मला गाडीत दुसरं काही दिसेना. जांभ्याचे चिरे रचून पायरी केली, पण गाडी रोज वेगळ्या कलमाखाली उभी राहते, चिरे कुठे कुठे वाहणार?

त्यात तो जादा पाटा. हौदा भरलेला असेल तर गाडी झकास चालते. पण वीस-पंचवीस क्रेट असले की मागचा भाग उडतो आणि फाळक्याजवळच्या क्रेटमधला तळचा आंबा दबतो. चार दिवसांनी अढीत त्याच फळांवर काळे डाग. पाटे निवडताना गाडीत एरवी किती वजन असतं ते धरा, जास्तीत जास्त किती भरतो ते नाही.

सीझन संपला तेव्हा माझं मत ठरलं होतं: लिफ्टचे पैसे पाण्यात गेले. बूट फाटल्यावर ते मत बदललं.

किट बसवणारा गॅरेजवाला फोनवर म्हणाला, पावसात बूट फाटतातच. मी टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आधी वीस इंच होतं, कागदावर लिहून ठेवलेलं. आता तेवीस भरलं. सांगितले दोन, केले तीन. इंडिपेन्डन्ट सस्पेन्शनला (दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात त्याला) तिसरा इंच महागात पडतो, एक्सल तिरका होतो आणि बुटाच्या घड्या सतत एकमेकींवर घासतात. कागद घेऊन तिथे गेलो, दोन तास भांडलो. शेवटी मजुरी त्याने सोडली, सामान माझं. बूट फाटल्याबरोबर बदललं असतं तर ग्रीस आणि क्लिपांवर भागलं असतं. मी दोन आठवडे तशीच चालवली, त्यामुळे अख्खा जॉइंट गेला.

पुढची उंची दीड इंचावर आणली, मागचा जादा पाटा काढून टाकला, पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट नवे घातले, अलाइनमेंट केलं. हजार किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले. हेडलाइटचा झोतही खाली घेतला. भरल्या गाडीने फोंडा घाट चढताना समोरच्याच्या डोळ्यांवर जात होता. विम्याचं तुमचं तुम्ही बघा. गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी वाचा, मग किट मागवा.

आता व्हाळ ओलांडताना बंपर लागत नाही आणि स्टिअरिंग हलकं झालंय. फाळका बत्तीस इंचांवर आलाय. कालच कलमांच्या खताच्या पिशव्या भरल्या. आजींनी पहिली पिशवी कमरेवर घेतली आणि तशीच सरळ हौद्यात सरकवली. दुसरा हात लागला नाही.