पॉक्सोखालील बालजबाबांवरील प्रशिक्षणवर्ग: एक अभिप्राय

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यातील जबाबनोंदणीवर एका संस्थेने घेतलेला एकदिवसीय वर्ग मी नुकताच केला. बालकाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, हे कलम २४ सर्वांनाच पाठ असते. पण न्यायदंडाधिकाऱ्यांनी जबाब ‘बालक बोलेल तसाच’ लिहावा, या कलम २५ मधील अटीचे मोल इथे खरे उमगले. पडद्यावर दोन काल्पनिक जबाब शेजारीशेजारी दाखवले गेले. एकात ‘दादानं दार लावलं’ होते, तर दुसऱ्यात ‘सदर इसमाने दरवाजा बंद केला’. सात वर्षांचे मूल असे बोलत नाही, हे उलटतपासणीत बचावपक्षाचा वकील हमखास दाखवून देणार, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागणार, याची मला मनापासून चीड येते.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील जबाब हा स्वतंत्र ठोस पुरावा नसून साक्षीला पुष्टी देण्यासाठी किंवा तिच्यातील विसंगती दाखवण्यासाठी वापरला जातो, हा मुद्दा वक्त्यांनी उत्तम उलगडला. मात्र दिव्यांग बालकांचा जबाब सरतपासणीच्या, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षानेच कोर्टात घेतलेल्या पहिल्या साक्षीच्या, जागी धरण्याची तरतूद, जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८३ मध्ये आहे, घाईत आटोपली. दुभाष्यांवर तर जेमतेम दोन वाक्ये झाली. शुल्क वाजवी असून टिपणे मराठीत मिळतात. नव्या वकिलांनी आणि बालकल्याण समितीच्या सदस्यांनी हा वर्ग जरूर करावा.