हेज मशीन: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

गेल्या गणपतीपासून पाण्याच्या लिक्विडवर चालणारं हेज मशीन, म्हणजे लाइटचे झोत दिसावेत म्हणून हवेत विरळ धुकं सोडणारं यंत्र, वापरतोय. संभाजीनगरचं तापडिया नाट्यमंदिर, नांदेडचं कुसुम सभागृह, कॉलेजांची गॅदरिंगं, लग्नातले संगीत, मैदानावरचे कार्यक्रम असं सगळीकडे ते फिरलं. मराठवाड्यातल्या लाइटवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडचा खरा प्रश्न मशीनच्या वॅटचा नाही, हवेचा आहे.

फॉगचे, म्हणजे दाट धुराचे, ढग उठतात आणि जातात. हेज मात्र हॉलभर सारखं, विरळ पसरलेलं हवं. त्याचे कण साधारण एका मायक्रॉनच्या आसपासचे असतात आणि ते उजेड पुढच्या दिशेला जास्त विखुरतात. त्यामुळे समोरून मंचावर पडणाऱ्या पार लाइटचा झोत फारसा दिसत नाही, पण मागच्या ट्रसवरून (लाइट टांगायच्या लोखंडी सांगाड्यावरून) प्रेक्षकांकडे येणारा शार्पी या अरुंद झोताच्या लाइटचा बीम लख्ख उठतो. बीम दिसत नाही म्हणून धूर वाढवा असं कुणी म्हणालं, की मी आधी लाइटची जागा बदलून बघतो. जास्त हेज सोडलं की कॅमेऱ्यात सगळं पांढुरकं येतं, एलईडी पडद्यावरचा काळा रंगही राखाडी होतो.

तेलावरचं मशीन मी विचार करूनच घेतलं नाही. रील ईएफएक्सचं डीएफ-५० त्या जातीचं. त्यात लिक्विड तापवत नाहीत, मिनरल ऑइलमधून दाबाची हवा सोडतात. त्याचं हेज खूप वेळ टिकतं आणि तेलही कमी लागतं. पण तेलाचा बारीक थर लेन्सवर आणि प्रोजेक्टरवर बसतो. आपल्याकडे त्यावर धूळ चिकटणार आणि पुसापुशीत माणसं अडकणार. बंद एसी हॉलमध्येच कायम काम असेल तर मी तेलाचंच घ्या म्हणेन.

आता हवेचं. हिवाळ्यातल्या गॅदरिंगला खिडक्या बंद असतात, तेव्हा मशीन अगदी कमी आउटपुटवर ठेवून काम भागलं. एप्रिलमध्ये तेच सेटिंग पुरेना. कोरड्या गरम हवेत पाण्यावरचं हेज लवकर विरतं, त्यात मंगल कार्यालयात दोन्ही बाजूंनी मोठे कूलर. कूलरच्या झोतापुढे मशीन ठेवलं तर सगळं दाराकडे वाहून जातं. मी ते मागच्या विंगेत, पंख्याची हवा जिथून मंचाकडे येते त्या अंगाला ठेवतो आणि प्रेक्षक बसायच्या बऱ्याच आधी सुरू करतो. उघड्या मैदानावर वारा पडला तरच मजा, नाहीतर ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगतो की बीम कधी दिसतील, कधी नाही.

म्हणूनच घेताना एक गोष्ट ठामपणे मागा: डीएमएक्सवर (लाइट बोर्डावरून यंत्रं चालवायच्या सिग्नलवर) आउटपुट आणि पंखा यांचे वेगवेगळे चॅनल. नाटकात शांत प्रवेशाला पंख्याची घरघर पहिल्या रांगेपर्यंत जाते, तेव्हा तो एकटाच कमी करता आला पाहिजे. फॉग मशीनला पंखा जोडून हेजर म्हणून विकलेली स्वस्त मशीन्सही बाजारात आहेत. ती थांबून थांबून फुंकतात आणि मंचावर पट्टे दिसतात. विकत घेण्याआधी दुकानातच ती सलग चालवून बघा.

लिक्विड मशीनच्या कंपनीनं सांगितलेलंच वापरा. पुरवून वापरायचं म्हणून त्यात बोअरचं पाणी घालणारे लोक मी पाहिलेत. आपल्या पाण्यातले क्षार हीटरच्या बारीक नळीत बसतात आणि मशीन तिथंच संपतं. जनरेटरवर व्होल्टेज पडलं की तापायला वेळ लागतो, म्हणून हीटरची लाइन साउंडपासून वेगळी घेतो. पंख्याची जाळी प्रत्येक कार्यक्रमानंतर साफ करतो, धूळ आपल्याकडे तेवढी आहेच.

गाणाऱ्यांची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. पाण्यावरच्या लिक्विडमधलं ग्लायकोल हे रसायन ओलावा ओढून घेतं, घसा कोरडा पडतो. अमेरिकेत ब्रॉडवेच्या कलाकारांवर झालेल्या अभ्यासाचा अहवाल २००० साली आला. त्यातून ग्लायकोलसाठी घनमीटरला ४० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली गेली. आपल्याकडे ते मोजायचं यंत्र कोण आणणार? म्हणून मशीनचं तोंड कलाकारांकडे कधीच ठेवत नाही, दम्याचं कुणी आहे का हे तालमीतच विचारतो, आणि भारूड किंवा गोंधळ असला, गायक सलग तासभर उभा असला, तर मध्यंतरापर्यंत आउटपुट अगदी तळाला ठेवतो. हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर असतील तर व्यवस्थापकांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. ते परस्पर बंद करू नका.