निळा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही: टीएलआर-४ रिपोर्टर पेशींचा दोन वर्षांचा अनुभव

गेली दोन वर्षे आमच्या प्रयोगशाळेत टीएलआर-४ रिपोर्टर पेशींचा, म्हणजे टीएलआर-४ हा ग्राही (जीवाणूंचे घटक टिपणारे पेशीवरील प्रथिन) चेतला की रंगाने ते कळवणाऱ्या पेशींचा, एक संच नियमित वापरात आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे संच अनेक कंपन्या विकतात आणि पुढे मांडलेले बहुतेक गुणदोष मुळात या पद्धतीचे आहेत.

हेक-२९३ या मानवी पेशींमध्ये टीएलआर-४ हा ग्राही मुळात नसतो. संचातील पेशींत तो, त्याचा जोडीदार एमडी-२ आणि सीडी-१४ ही प्रथिने बाहेरून घातलेली असतात, शिवाय एनएफ-कॅपा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाच्या हुकमाने चालणारे एक जनुक असते, ज्यापासून अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) बनून पेशींभोवतीच्या पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, सोडले जाते. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यावरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, ग्राहीला भिडले की रात्रभरात फिकट गुलाबी माध्यम निळे होते. पेशी फोडाव्या लागत नाहीत, आणि तीच प्लेट (अनेक खाचांची तबकडी) दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येते. नमुन्यात एलपीएस आहे की नाही, एखादे संयुग हा ग्राही रोखते की नाही, अशा प्रश्नांसाठी हा संच उत्तम आहे.

अडचण पुढे सुरू होते. माहितीपत्रकात हा संच ‘संकेतवहनाच्या अभ्यासासाठी’, म्हणजे ग्राहीपासून केंद्रकापर्यंत संकेत कसा पोचतो ते तपासण्यासाठी, असल्याचे छापलेले आहे, आणि नेमका तोच दावा मला पटत नाही. ग्राहीच्या पेशीच्या आतील टोकाशी टिरॅप हे प्रथिन आणि त्याच्यामार्फत मायडी-८८ हे दुसरे प्रथिन येऊन जोडले जाते. मग मायडी-८८चे सहा, आयरॅक-४चे चार आणि आयरॅक-२चे चार रेणू एकावर एक रचले जाऊन मळसूत्रासारखा मनोरा उभा राहतो. त्याची स्फटिकरचना २०१० साली प्रसिद्ध झाली. या मनोऱ्यातून संकेत ट्राफ-६ या प्रथिनाकडे जातो, तिथे उभारलेल्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्यांवर टॅक-१ आणि आयकेके हे कायनेज (फॉस्फेट जोडणारी विकरे) गोळा होतात, आयकेके हा आयकॅपाबी-अल्फा या प्रथिनाच्या ३२ आणि ३६ या स्थानांवरील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडतो, ते प्रथिन प्रोटिएसोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत नष्ट होते आणि तोवर त्याने अडवून धरलेला एनएफ-कॅपा-बी केंद्रकाकडे सुटतो. इतक्या पायऱ्यांपैकी निळ्या रंगात फक्त शेवटची दिसते. रंग फिका आला तर गडबड मायडी-८८पाशी झाली, टॅक-१पाशी झाली की पेशीच मेल्या, हे प्लेट पाहून कळत नाही.

वेळेचेही तसेच. आयकॅपाबी-अल्फा अर्ध्या तासाच्या आत नाहीसे होते आणि तासाभरात पुन्हा तयार होऊ लागते. पण माध्यमात साठत जाणारे विकर हा चढउतार पुसून टाकते. ग्राही पेशीच्या आत ओढला गेल्यावर ट्रॅम आणि ट्रिफ या प्रथिनांमार्फत जी दुसरी वाट सुरू होते, टीबीके-१ आणि आयआरएफ-३ यांच्याद्वारे इंटरफेरॉन-बीटा या विषाणूविरोधी प्रथिनापर्यंत पोचणारी, तिचा या संचात मागमूसही लागत नाही. त्यासाठी वेगळ्या रिपोर्टर पेशी घ्याव्यात किंवा सरळ वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिने ओळखण्याची चाचणी) करावा.

आमची खरी फजिती मात्र दुसऱ्याच कारणाने झाली. ई. कोलायमध्ये बनवलेल्या एका प्रथिनाने पेशी गडद निळ्या केल्या आणि आम्ही आठवडाभर खुशीत होतो. पॉलिमिक्सिन-बी घालून एलपीएस निकामी केले, तरी रंग हटेना, त्यामुळे खुशी आणखी वाढली. शेवटी टीएलआर-४ न घातलेल्या मूळ रिपोर्टर पेशींवर तोच नमुना टाकला, तर त्याही निळ्या! हेक-२९३मध्ये टीएलआर-५ हा दुसरा ग्राही उपजत असतो, आणि तो जीवाणूंच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो. प्रोटिनेज-के वापरून नमुन्यातील प्रथिने पचवल्यावर रंग गेला. अर्थात आमचे प्रथिनही त्यातच पचले असल्यामुळे दोष फ्लॅजेलिनचाच, हे तेवढ्याने सिद्ध होत नव्हते. पण मूळ पेशींनीही प्रतिसाद दिल्यावर टीएलआर-४चा दावा तिथेच संपला. या मूळ पेशींची कुपी संचात येत नाही, वेगळी मागवावी लागते, आणि तिच्याविना संचावर विसंबणे धोक्याचे आहे हे माहितीपत्रकात तळटिपेपुरतेच आहे. ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

हाताळणीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. माध्यमात घालायच्या सीरममध्येही (रक्तद्रवातही) अल्कलाइन फॉस्फटेज असते, म्हणून ते ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवूनच वापरावे. आमच्या एका सहकाऱ्याने ते विसरल्यामुळे काहीही न घातलेल्या खाचाही निळ्या झाल्या होत्या. दुसरे, या पेशी तळाला सैलसर चिकटतात, तेव्हा माध्यम बदलताना पिपेटचे टोक खाचेच्या भिंतीला टेकवावे.

मागवताना मानवी टीएलआर-४ हवा की उंदराचा, हे आधी ठरवावे. लिपिड-४ए हा एलपीएसचा पूर्वगामी रेणू उंदराच्या ग्राहीला चेतवतो आणि मानवी ग्राहीला रोखतो. आमच्याकडे मानवी पेशी होत्या आणि तुलनेसाठीचे प्रयोग उंदरांवर झालेले होते, त्यामुळे एका संयुगाचे दोन परस्परविरुद्ध निकाल महिनाभर आमच्या वहीत शेजारी शेजारी पडून होते.