माजिवड्याचं भाड्याचं मिनी थिएटर: वेस्टर्न बघणाऱ्या ग्रुपसाठी

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉय-बंदुकांचा सिनेमा, मोठ्या पडद्यावरच बघावा. माळरान, आभाळ आणि लांबून येणारा एकटा घोडेस्वार, अर्धी गोष्ट त्यातच असते, आणि घरच्या टीव्हीवर तेच हरवतं. म्हणून आमचा कॉलेजचा ग्रुप हल्ली ठाण्यात माजिवड्याच्या एका बारा सीटच्या मिनी थिएटरात भेटतो. तासांवर भाड्याने मिळतं, सिनेमा आपल्याच ओटीटी अकाउंटवरून लावायचा.

स्लॉट तीन तासांचा. त्यात लॉगिन, सबटायटल्स, घोडबंदर रोडला अडकलेल्यांची वाट बघणं, सगळं आलं. त्यामुळे सिनेमा निवडताना मी आधी लांबी बघते. पहिल्या वेळेला ‘हाय नून’ (1952) लावा. फक्त 85 मिनिटांचा. दुपारी बाराच्या गाडीने खुनी येणार आणि मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, झालेला गॅरी कूपर मदत मागत दारोदार फिरतो. पडद्यावरचं घड्याळ जवळजवळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. चर्चमध्ये गावकरी एकेक सबब काढायला लागले तेव्हा बंदुकींचा कंटाळा असलेली आमची मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर आमच्या सोसायटीची मीटिंग!” त्यानंतर तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

सगळेच नवखे असतील तर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960). कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’वरून केलेला. लुटारूंनी गांजलेलं गाव आणि त्यांच्याशी लढायला आणलेली भाडोत्री माणसं, ‘शोले’वर वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. एल्मर बर्नस्टाइनचं संगीत सुरू झालं की मागच्या रांगेतलेसुद्धा ताल धरतात.

या जागेचे पैसे खरे वसूल होतात ते सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ला (1968). सुरुवातीला तीन माणसं स्टेशनवर गाडीची वाट बघत असतात. संवाद जवळजवळ नाहीतच. पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर टपटपणारं पाणी, एक माशी. इथले स्पीकर हे सगळं स्वच्छ ऐकवतात, आणि या सिनेमाच्या चित्रासारखाच पडदाही रुंद असल्याने ते कडेपर्यंत भरतं. (‘हाय नून’ जवळपास चौकोनी आहे, त्याला दोन्ही बाजूंना काळी जागा राहते. चित्र ताणून पडदा भरू देऊ नका.) पण उजव्या भिंतीवरचा एसी घरघरतो आणि नेमकी हीच शांतता मोडतो. आम्ही हॉल आधी गार करून घ्यायला सांगतो आणि सुरुवातीपुरता एसी बंद ठेवतो. तिथला मुलगा न कुरकुरता करतो. सिनेमा 165 मिनिटांचा, म्हणजे उशीर चालणार नाही.

क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफरगिव्हन’ (1992) माझा सर्वांत लाडका, पण तो पहिला लावू नये. तरुण ईस्टवुडला सहज गोळ्या झाडताना आधी पाहिलेलं असेल तरच इथे एका माणसाचा जीव घेणं किती जड आहे ते आतपर्यंत पोचतं.

खाणं बाहेरचं चालतं, रस्सा नाही. मामलेदारची मिसळ खायची तर आधी तिथेच खाऊन या. पॉपकॉर्न ताजे, चहा अतिगोड.

एकच मोठी तक्रार: दोन स्लॉटमध्ये वेळच ठेवत नाहीत. ‘द सर्चर्स’ (1956) संपला तेव्हा आम्ही सगळे तावातावाने बोलत होतो. जॉन वेनच्या पात्राच्या मनातला मूळ रहिवाशांबद्दलचा द्वेष सिनेमा दाखवतो, की स्वतःही त्यात थोडा वाहून जातो? मला दोन्ही वाटतं, आणि असे सिनेमे बघितल्यावर हे बोलायलाच हवं. तेवढ्यात पुढचा वाढदिवसवाला ग्रुप फुगे घेऊन आत शिरला. तेव्हापासून आम्ही रात्रीचा शेवटचा स्लॉटच घेतो. मागून कुणी येत नाही, आणि डोंबिवलीकरांना परतीची लोकलही मिळते.