ग्लोबल फॉरेस्ट वॉच : महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारासाठी किती कामाचं?

महाबळेश्वर-पाचगणीची झाडी घटतेय की वाढतेय, हा वाद निघाला की हल्ली कुणीतरी ग्लोबल फॉरेस्ट वॉचचा आलेख पुढे करतं. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचं, उपग्रहचित्रांवरून झाडी मोजणारं हे संकेतस्थळ २०१४ पासून फुकट वापरता येतं. सलग जंगलाची मोठी तोड दाखवण्यात ते उत्तम आहे. या पठारावर मात्र त्याच्या आकड्यावर थांबू नका.

नकाशातला एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांचा. त्यातलं झाडांचं छत जवळजवळ पूर्ण गेलं तरच तो 'नुकसान' म्हणून लागतो. पाच गुंठ्यांवर बंगला उठला आणि त्यासाठी चार-सहा जांभळं, हिरडे पडले, तर ठिपका बहुधा हिरवाच राहतो.

शेतीचं चित्र याहून फसवं. मूळ गणती २००० सालची, पाच मीटरपेक्षा उंच झाडांची, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये किमान ३० टक्के छत असलेलेच ठिपके धरले जातात. नाचणी-वरईच्या वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या रानात बांधावर विरळ उभी असलेली झाडं त्या हिशेबात आलीच नाहीत. राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या छाटल्या तरी ते झाड उभं राहायचं, पुन्हा फुटायचं. त्याच रानात स्ट्रॉबेरी आली की तिला मात्र मोकळं ऊन आणि गादीवाफे लागतात. उतार सपाट करताना बांध जातो आणि बांधाबरोबर झाडही. या डोंगरावरचा हा केवढा मोठा बदल, पण जे मोजलंच नव्हतं ते गेल्याची नोंद होणार कशी?

सिल्व्हर ओकचं उलटं होतं. रांगेत लावलेली ही ऑस्ट्रेलियन झाडं आणि अंजनी, पिसा, जांभळाचं सदाहरित रान नकाशावर एकाच हिरव्या रंगात दिसतं. कड्याच्या तोंडाशी वाऱ्याने खुजी राहिलेली, पाच मीटरच्या आतली अंजनी मात्र झाडीत मोजली जात नाही.

वापरायचंच तर असं वापरा. सातारा जिल्ह्याचा एकत्रित आकडा घेऊ नका, आपल्या गावाची हद्द नकाशावर हाताने आखा. छताची मर्यादा आधी १० आणि मग ७५ टक्के ठेवून दोन्ही आकडे टिपा. १० ला विरळ झाडी थोडीफार सापडते, ७५ ला फक्त दाट रान उरतं. नुकसानातून वाढ वजा करून 'निव्वळ' आकडा काढू नका, कारण दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत. २०१५ नंतर नुकसान एकदम वाढलेलं दिसलं तर सावध राहा. मोजणीची पद्धत मधल्या काळात सुधारली, त्यामुळे आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं थेट ताडता येत नाहीत.

त्यापुढचं काम गूगल अर्थ प्रोवर. तेही फुकट आहे. त्यातली जुनी उपग्रहचित्रं काढा, पण दोन्ही वर्षांची एकाच महिन्यातली घ्या. मार्चमधलं चित्र नोव्हेंबरच्या चित्राशी ताडलं तर वाईकडच्या उतारावरची पानगळ तोडीसारखी दिसते. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बहुतेक वाया जातात. थंडीत सकाळच्या चित्रांत वायव्येकडचे कडे सावलीत काळे पडतात. ती सावली झाडी समजू नका. स्ट्रॉबेरीचे वाफे हंगामात मल्चिंगच्या (प्लास्टिक आच्छादनाच्या) चकचकीत समांतर पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात. बहुभुज आखला की क्षेत्रफळ हेक्टरमध्ये मिळतं आणि झाडं एकेक करून मोजता येतात.

हा भाग २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तोडीबद्दल तक्रार द्यायची असेल तर ग्लोबल फॉरेस्ट वॉचचा आलेख पुरावा म्हणून एकटा जोडू नका. तारीख दिसणारी आधीची-नंतरची दोन चित्रं, गट क्रमांक, सातबारा आणि जागेवर मोजलेल्या बुंध्यांचा घेर असं सगळं एकत्र द्या. घेर छातीच्या उंचीवर घ्या. झाड पडलेलं असेल तर उरलेल्या खुंटाचा घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.