क्रीमच्या डब्यावर शाम्पू

साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, तालुक्याच्या गावात माझं पार्लर आहे. चौदा वर्षं झाली. 'मेड इन यूएसए' लिहिलेला माल समोर आला की आम्ही हसायचो, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लिपस्टिक मनगटावर एकदा ओढली की खरी-खोटी सांगते, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यासकट नकली कोरियन मालापायी माझे 47,900 रुपये गेले. पैशांचं दुःख आता ओसरलंय. बाकीचं ओसरत नाही, म्हणून लिहायला बसले.

दोन-तीन वर्षांपासून लग्नाचं बुकिंग करायला येणाऱ्या मुली मोबाइलवर कोरियन मालिकेतल्या नायिकेचा फोटो दाखवतात. "ताई, मला अशी ग्लास स्किन पाहिजे." पूर्वी म्हणायच्या गोरं करा, आता म्हणतात काचेसारखं करा. मला विचाराल तर मागणं तेच आहे, शब्द बदललाय.

पण कोरियन पद्धतीत दम आहे, हे मी आजही नाकारणार नाही. आमच्या धंद्यात मेकअप टिकण्यावर पोट चालतं. पहाटे पाचला खुर्चीत बसवलेली नवरी दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला ताजी दिसली पाहिजे आणि मंडपात पंखा फिरत असेलच असं नाही. कोरडी कातडी फाउंडेशनमधलं पाणी शोषून घेते, मग नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर पापुद्रे उठतात. म्हणून आधी चेहऱ्याला पाणी पाजायचं. टोनर, इसेन्स म्हणजे ओलावा देणारं पातळ द्रव, हलकं क्रीम, सगळं पातळ हाताने, आणि दोन थरांमध्ये चार-पाच मिनिटं थांबायचं. घाई केली किंवा थर जास्त झाले, की फाउंडेशनच्या आधीचा सिलिकॉनचा प्रायमर लावताना खोडरबराच्या वळ्या सुटतात तशा वळ्या सुटतात. कुशन फाउंडेशन हीसुद्धा कोरियाचीच देणगी, 2008 साली तिकडे पहिलं आलं. डबीत फाउंडेशनने भिजवलेला स्पंज, पफने थोपटून लावायचं. बेस पातळ बसतो, त्यामुळे फुटत नाही. अडचण एकच, शेडची. तिकडचे सर्वांत खपणारे नंबर 21 आणि 23. आपल्या बहुतेक मुलींना त्यातला गडद 23 लावला तरी चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. गडद नंबर शोधावे लागतात आणि ते महाग पडतात.

हे स्वस्तात मिळवण्याच्या नादात मी अडकले.

गेल्या दिवाळीच्या आधी इन्स्टावर एक पेज दिसलं. चालवणारी बाई शुद्ध मराठी बोलायची. फोनवर मला पहिल्याच वाक्यात "ताई" म्हणाली. तिचे मिस्टर चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या एका कोरियन कंपनीत, तिथले साहेब लोक कोरियात सोलला जाऊन-येऊन असतात, येताना बॅगेतून माल आणतात, मधे दलाल नाही म्हणून निम्मी किंमत. त्या भागात कोरियन कंपन्या आहेत, पुण्यात कोरियन कुटुंबं राहतात, हे मला ठाऊक होतं. खऱ्याच्या शेजारी खोटं बसवलं की ते शोभून दिसतं.

मी सावध होते हो. पहिली ऑर्डर छोटीच दिली, 2,800 रुपयांची. गोगलगायीच्या स्रावाचं इसेन्स, दोन कुशन, एक सनस्क्रीन. चार दिवसांत माल आला आणि तो अस्सल होता. वास, चिकटपणा, पंपाची धार, सगळं बरोबर. जे इसेन्स दुकानात चौदाशेच्या आसपास मिळतं ते मला साडेसहाशेला पडलं. मी खूश.

त्या बाटल्यांच्या मागे एक पांढरा स्टिकर होता, त्यावर मुंबईच्या एका आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. मी पाहिला आणि सोडून दिला. साहेबांच्या बॅगेतून आलेल्या बाटलीवर मुंबईच्या आयातदाराचा स्टिकर कशाला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तिने तो माल इथल्याच दुकानातून पूर्ण किमतीला घेऊन मला तोट्यात दिला होता. गळाला लावलेला गांडूळ होता तो.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. मी 41,000 रुपयांची ऑर्डर दिली, पैसे आधी. पंधरा दिवस काही नाही. मग एक फोन, हिंदीतून, "आपका पार्सल कस्टम में रुका है", 6,900 भरा नाहीतर माल जप्त आणि वर केस. मी बाईला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, भरून टाका, पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करते." यूपीआयवर कुणा एका माणसाचं नाव आलं. सरकारी खात्याचे पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर जात नसतात, एवढं शाळेतल्या पोरालाही कळेल. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर फक्त सात लग्नांची यादी होती. कस्टमवाल्यांच्या प्रत्येक पत्रावर एक क्रमांक असतो, डीआयएन म्हणतात त्याला, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हे मला नंतर कळलं.

नऊ दिवसांनी खोकं आलं. कुरिअरच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं गाव दिल्ली. दिल्लीहून साताऱ्याला यायला मी 6,900 रुपये कस्टम ड्यूटी भरली होती! पण खोकं आलं याचाच आनंद इतका, की चिठ्ठी फाडून टाकली. पुढे तक्रारीला तीच हवी होती.

खोक्यात कुशन होती, इसेन्स होतं आणि एक नवीन क्रीम होतं. मोत्याच्या रंगाची डबी, वर कोरियन अक्षरं, खाली इंग्रजीत सात दिवसांत ग्लास स्किन, सुरकुत्या गायब. बाई म्हणाली, सोलमध्ये बायका रांगा लावतात. मी आधी स्वतःच्या चेहऱ्यावर लावलं. गिऱ्हाइकाला काही देण्याआधी स्वतः वापरायचं हा माझा जुना नियम, आणि याच नियमाने माझा घात केला. कारण क्रीम लागू पडलं. पाचव्या दिवशी वांग फिका, आठव्या दिवशी चेहरा मऊ, चकचकीत. जाऊबाई म्हणाल्या, "काय गं, दहा वर्षांनी लहान दिसतेस." झालं. त्यांना एक डबी दिली आणि पुढच्या महिन्याभरात अकरा गिऱ्हाइकांना 850 रुपयांना एकेक विकली. वर प्रत्येकीला सांगितलं, मी स्वतः वापरतेय.

पहिला दणका जानेवारीत बसला. नवरीला त्या कुशनचा बेस लावला तेव्हा ठीक वाटलं. अंतरपाट धरायच्या आधीच तो कपाळावर, मुंडावळ्यांच्या खाली, करडा पडायला लागला. गालांवर भेगा. टचअप केलं तर आणखी गोळा झालं. तिची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुमच्यावर विश्वास टाकला होता हो." अठरा हजारांच्या पॅकेजमधले आठ हजार मी परत केले. फोटोंचं काय परत करणार?

मी सगळा दोष कुशनवर ढकलला आणि क्रीम लावत राहिले. मग डबी संपली. तीन दिवस लावलं नाही, तर चेहरा पेटला. लाल, आग होतेय, बारीक पुरळ, उन्हात पाऊल टाकवेना. साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गालाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठलं क्रीम लावत होतात? थांबवल्यावर असं झालं का?" हे स्टेरॉइडचं लक्षण, म्हणाले, रोज एखादी तरी येते. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असली स्टेरॉइडं फेअरनेस क्रीममध्ये मिसळतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून कातडी आठवड्यात उजळ आणि गुळगुळीत दिसते. लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. बंद केलं की दबलेलं सगळं दुपटीने वर येतं. अशा चेहऱ्यासाठी आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नावच पाडलंय.

मग त्यांनी किडनीच्या तपासण्या लिहून दिल्या. मी चक्रावले. ते म्हणाले, अशा क्रीममध्ये पाराही सापडतो. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही आणि आत मुरला की मूत्रपिंडावर जातो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमने बिघडली होती, 2023 मध्ये पेपरात आलं होतं. ब्युटिशियनकडून, हा शब्द ऐकून मी खुर्चीतच आक्रसले. माझे रिपोर्ट नॉर्मल आले, देवाची कृपा.

घरी आल्यावर पुतणीला डबी दाखवली. ती मालिका बघून बघून कोरियन वाचायला शिकलीय. तिने डबीवरची अक्षरं सावकाश वाचली आणि हसायला लागली. "काकू, यावर शाम्पू लिहिलंय. ओल्या केसांना लावा, फेस करा, धुवून टाका." कुठल्याशा शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून छापला होता. मला हसू येईना.

तिनेच मग शिकवलं. कोरियन मालावर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते. पुढे 'जेजो' असेल तर ती बनवल्याची तारीख आणि 'क्काजी' असेल तर त्या तारखेपर्यंत वापरायचं. आपल्या सवयीने वाचलं की बनवल्याची तारीख एक्सपायरी समजून बसतो, किंवा उलट. माझ्या खोक्यातल्या क्रीम, इसेन्स आणि कुशन तिन्हींवर एकच तारीख आणि एकच बॅच नंबर होता. बारकोड मात्र 880 ने सुरू होत होता, कोरियाचा म्हणून जो सांगतात तो. त्यावर जाऊ नका, आकडे कुणीही छापू शकतं.

आणि तो पांढरा स्टिकर. या मालावर तो नव्हताच. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे बाहेरून आणून इथे विकायच्या मालाची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडे नोंदणी लागते आणि नोंदणीचा क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता लेबलवर लागतो. इतकी वर्षं ज्या बाटल्या हाताळल्या त्यांच्या पाठीवर हे लिहिलेलं होतं आणि मी कधी वाचलं नव्हतं. नकली स्टिकर लावणारेही असणार, म्हणून आता मी मोठी खरेदी करण्याआधी स्टिकरवरच्या आयातदाराला फोन करून विचारते, अमुक दुकान तुमचं गिऱ्हाईक आहे का. दोनदा उत्तर 'नाही' आलंय.

सात दिवसांचा दावा तर मुळातच संशयाचा. कोरियात सुरकुत्यांवर चालतं असं डबीवर लिहायचं तर ते उत्पादन वेगळ्या वर्गात, तिथल्या अन्न-औषध खात्याच्या नियमात बसावं लागतं. त्यात बहुधा ॲडिनोसिन नावाचा घटक असतो, तोही 0.04 टक्के. एवढ्याशा औषधाने आठवड्यात सुरकुती जात नाही, महिने लागतात, आणि तरी थोडीशीच फिकी पडते. हे ज्याला ठाऊक आहे तो सात दिवसांचं क्रीम हातात घेणार नाही.

तक्रार केली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, पण दीड महिन्याने. पहिल्या काही तासांत लावला तर पैसे मधल्या खात्यात गोठवता येतात म्हणे, माझे कधीच पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात विचारलं, "माल तर मिळाला ना, बाई?" त्यांचंही खरं होतं, माल मिळालाच होता. अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या नंबरवर डबीबद्दल सांगितलं, तिथे कुरिअरची चिठ्ठी आणि बिल मागितलं. चिठ्ठी मी फाडलेली, बिल तिने दिलेलंच नव्हतं. पेज एका रात्रीत बंद झालं. परवा तसंच एक दिसलं, नाव वेगळं, मोत्याच्या रंगाची डबी तीच.

सगळ्यात अवघड काम अकरा फोनांचं होतं. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, धंदा बसेल. दोन दिवस मीही तोच विचार केला, खोटं का बोलू. मग वही काढली आणि एकेकीला फोन लावला. जाऊबाईंना समोर बसून सांगितलं. सगळ्यांचे 850 परत देते म्हटलं, क्रीम लावत राहू नका, पण एकदम सोडलं तर माझ्यासारखा चेहरा पेटू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. दोघी चिडल्या. एक रडली, तिच्या मुलीनेही लावलं होतं. एकीने फोन ठेवला आणि अजून उचललेला नाही.

शेवटचा फोन बँकेतल्या मॅडमना. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. स्टेरॉइड, पारा, अकोला, सगळं. मग जरा थांबून, आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, पण मला खूप फरक पडला होता हो. तुमच्याकडे एखादी डबी उरलीय का?"

चार उरल्या होत्या. मी म्हटलं, नाही. शनिवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले.