कर्ज मंजूर झालंय, फक्त फाइल चार्ज भरा!

चाकणजवळ माझं ग्रिल-शटरच्या फॅब्रिकेशनचं काम आहे. ऑर्डरी असतात, पण बिल दिल्यावर पैसे हातात यायला महिने जातात. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन हवं होतं. बँकेने दोन वर्षांचे आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, मागितले. माझा एकाच वर्षाचा भरलेला, त्यामुळे फाइल परत आली. स्वतःचा धंदा असलेल्यांची ही अडचण ठगांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

मोबाइलवर कर्जाची पात्रता तपासायचा एक फॉर्म भरला होता. लगेच फोन आला. बाई अदबीने बोलत होत्या, "सर, तुमचा स्वतःचा व्यवसाय आहे ना? आम्हाला आयटीआर लागत नाही, सिबिल स्कोअर कमी असला तरी चालेल." संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र हजर. नामांकित फायनान्स कंपनीचा लोगो, माझं पूर्ण नाव, पॅन नंबर, हप्त्यांचा तक्ता, खाली गोल शिक्का आणि सही.

फाइल चार्ज २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. हिशेब असा चोख की शंका घ्यायला जागाच नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, "ते आमचे अकाउंट्स मॅनेजर." मग कर्जाच्या विम्याचे ८,४००, तेही 'रिफंडेबल'. मग म्हणे खाते क्रमांकात एक आकडा चुकलाय, रक्कम अडकलीय, रिझर्व्ह बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागेल, १५,००० भरा. आधीचे पैसे सुटावेत म्हणून माणूस पुढचे भरतो, सगळा डाव त्यावरच चालतो. पुढे आणखी मागितले तेव्हा मी नाही म्हटलं आणि भाषाच बदलली. "लोन रद्द केलंत तर तुमच्यावर केस होईल." आई शेजारच्या खोलीत होती, तिला हे ऐकू जाऊ नये म्हणून मी अंगणात गेलो.

रिझर्व्ह बँक कुणाच्याही पर्सनल लोनला एनओसी देत नाही. खऱ्या बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या) प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेतूनच कापतात. व्याज आणि सगळे खर्च मांडलेलं 'की फॅक्ट स्टेटमेंट' करार करण्याआधी द्यावं लागतं, ते मागून घ्या. कंपनीचं नाव खरं असलं म्हणजे फोन करणारा खरा, असंही नाही. तिच्या शाखेत जाऊनच खात्री करा.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, तडक सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझ्या शेवटच्या रकमेतला काही भाग असाच अडकवला गेला, हातात मात्र अजून आलेला नाही. आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक त्यांच्याकडे गेलेत, म्हणून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, हाही काढला; असा रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसह चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो पूर्ण आणि मोफत द्यायचा असतो. माझ्या नावावर दुसरं कर्ज उचललेलं नाही, एवढं कळलं.

आता नव्या नंबरवरून कुणी 'सायबर सेलचे वकील' फोन करतात. गेलेले पैसे मिळवून देतो, आधी कोर्ट फी पाठवा म्हणतात. तो नंबरही मी पोलिसांना दिलाय.